उरलेले १५६ तास

कर्जत स्थानकाला लागून असलेल्या भिसेगावात भल्या पहाटे दिवे लागणारी घरे पुष्कळ आहेत. लोकल गाठायची, शंभर किलोमीटरचा प्रवास करून मुंबईत नोकरीवर पोहोचायचे आणि रात्री तेवढेच अंतर कापून परत यायचे, हा येथील चाकरमान्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम आहे. अशा घरांपैकी एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. कर्ता पुरुष पन्नाशी ओलांडलेला. मधुमेह दहा-बारा वर्षांचा, रक्तदाब त्याच्या जोडीला. गोळ्या कधी घेतल्या, कधी ‘आता बरे वाटते’ म्हणून सोडल्या. मग एके दिवशी पायांवर सूज आली, अन्नावरची वासना उडाली, तपासणी झाली आणि डॉक्टरांनी सांगितले की, दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाली आहेत. डायलिसिस सुरू करावे लागेल. तेव्हापासून त्या घरातील पहाटेच्या लोकलचा अर्थ बदलतो. पूर्वी ती पगाराकडे नेत असे, आता ती यंत्राकडे नेते.

हे घर काल्पनिक असले, तरी त्याची कहाणी काल्पनिक नाही. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराची दोन प्रमुख कारणे आहेत आणि हे दोन्ही विकार आता शहरांपुरते उरलेले नाहीत. या कहाणीत एक साधा हिशेब दडलेला आहे. आठवड्याचे तास १६८. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास, असे डायलिसिस झाले तर रुग्ण यंत्राला जोडलेला असतो तो १२ तास. उरलेले १५६ तास तो स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटासमोर, स्वतःच्या पाण्याच्या तांब्याजवळ असतो. त्या १५६ तासांत तो काय खातो, किती पितो, कोणती गोळी घेतो आणि कोणती चुकवतो, यावर त्या १२ तासांचे यश अवलंबून असते. आपली आरोग्यव्यवस्था बारा तासांचा विचार करू लागली आहे, ही समाधानाची बाब होय. एकशे छप्पन्न तासांचा विचार मात्र अद्याप कोणी गांभीर्याने केलेला नाही आणि खरा प्रश्न तोच आहे.

यंत्र आले, शिकवण राहिली

गेल्या काही वर्षांत शासनाने या क्षेत्रात काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २ जुलै २०१२ रोजी राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत रायगडचा समावेश होता. पुढे २०१७ मध्ये तीच योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालू राहिली आणि २०२४ मध्ये तिचे संरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्षी दीड लाखावरून पाच लाख रुपयांपर्यंत वाढले. डायलिसिस आणि मूत्रपिंड प्रत्यारोपण या दोहोंचा तीत अंतर्भाव आहे. केंद्र शासनाने २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा केली आणि जिल्हा रुग्णालयांत यंत्रे बसू लागली. दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला तेथे ही सेवा विनामूल्य मिळते. ज्या आजाराचे नाव ऐकताच एके काळी शेत विकायला काढावे लागे, त्या आजारात गरिबाला निदान उभे राहायला जागा मिळाली.

शासनाच्या बरोबरीने समाजही उभा राहिला. मुंबईत परळ येथे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदन बाहेरगावच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. तेथे अल्प दरात डायलिसिसचीही सोय आहे. मुंबईतीलच नर्मदा किडनी फाउंडेशन ही संस्था १९९३ पासून मूत्रपिंडरुग्णांच्या प्रबोधनाचे काम करीत आहे. राजकोटचे मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. संजय पंड्या यांनी सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत मूत्रपिंडविकारांची माहिती लिहिली आणि सहकारी डॉक्टरांच्या साहाय्याने ती मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य उपलब्ध करून दिली. म्हणजे ज्ञान नाही असे नाही. ते भिसेगावच्या चुलीपर्यंत पोहोचत नाही, एवढाच याचा अर्थ.

ते का पोहोचत नाही? कारण आपल्याकडे उपचार म्हणजे औषध, शस्त्रक्रिया आणि यंत्र, अशी समजूत रुजलेली आहे. शिकवणे हा उपचार आहे, असे कोणी मानत नाही. तज्ज्ञापुढे बाहेर रांग लागलेली असते. रुग्णाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येतात. त्यात ‘मीठ कमी करा, पाणी मोजून प्या, फळे टाळा’ एवढी तीन वाक्ये सांगून होतात आणि रुग्ण हातात इंग्रजी अहवालांची जाडजूड पिशवी घेऊन घरी येतो. मीठ कमी म्हणजे किती? मोजून म्हणजे कशाने? फळे टाळायची तर कोणती? याची उत्तरे त्याला शेजारी देतात, लोकलमधले सहप्रवासी देतात आणि ती बहुधा चुकीची असतात.

चुलीपाशी ठरणारे आयुष्य

निरोगी माणसाची दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातून दीड-दोन लिटर मूत्र बाहेर टाकतात. पाणी, मीठ, पोटॅशियम, आम्ल, निरुपयोगी द्रव्ये या सर्वांचा हिशेब चोवीस तास चालू असतो. यंत्राकडे हे काम सोपविले की तोच हिशेब आठवड्यातून दोन-तीनदा, घाईघाईने होतो. मधल्या दिवसांत जे शरीरात जाईल ते बहुतांशी शरीरातच साठते. लघवी जवळजवळ बंद झालेल्या रुग्णाने एक लिटर जास्त पाणी प्यायले, तर त्याचे वजन एक किलोने वाढते. हे पाणी पायांत उतरते, फुप्फुसांत शिरते, हृदयावर ताण आणते. रात्री आडवे झाले की श्वास कोंडतो आणि मग गाडीची वेळ पाहण्याइतकी उसंत राहत नाही.

म्हणूनच या रुग्णाच्या घरी औषधांच्या डब्याइतकीच तीन साधी साधने महत्त्वाची ठरतात: वजनकाटा, रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि एक वही. रोज सकाळी, एकाच वेळी, सारख्याच कपड्यांत वजन करायचे आणि वहीत लिहायचे. दिवसभरात किती लघवी झाली ते मोजायचे आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात, सर्वसाधारणपणे आदल्या दिवशीच्या लघवीइतके अधिक अर्धा लिटर, एवढेच पाणी एका बाटलीत सकाळीच भरून ठेवायचे. चहा, ताक, आमटी, पेज हेही पाणीच, हे लक्षात ठेवायचे. ज्या हातावर डायलिसिससाठी फिस्टुला केलेला असतो, त्या हातावर रोज बोटे ठेवून रक्तप्रवाहाची थरथर जाणवते का ते पाहायचे. त्या हातात सुई टोचू द्यायची नाही, रक्तदाबाचा पट्टा बांधू द्यायचा नाही, त्या हाताने जड ओझे उचलायचे नाही. यात पदवीची गरज नाही. ज्याला एसटीचे वेळापत्रक वाचता येते, त्याला हे सारे जमू शकते. फक्त कोणीतरी एकदा नव्हे, दहा वेळा, न कंटाळता ते दाखवून द्यावे लागते.

मिठाचे उदाहरण घ्यावे. निरोगी माणसानेही दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा कमी मीठ खावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. कर्जत-खालापूरच्या घरांत पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकट, सुके बोंबील, पापड, लोणची भरून ठेवलेली असतात. हे सारे मिठातच टिकते. मीठ अधिक गेले की तहान लागते, तहान लागली की पाणी प्यायले जाते. तेव्हा ‘पाणी कमी प्या’ असे बजावण्याऐवजी ‘मीठ कमी करा, तहान आपोआप कमी होईल’ हे समजावणे अधिक उपयोगाचे. बाजारात ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेले असते आणि मूत्रपिंडरुग्णाला ते जीवघेणे ठरू शकते, हे तर भल्याभल्या सुशिक्षितांना ठाऊक नसते.

कर्जत स्थानकावरचा बटाटावडा प्रसिद्ध आहे. त्याच बटाट्यात पोटॅशियम भरपूर असते आणि रक्तात ते प्रमाणाबाहेर वाढले, तर हृदयाचे ठोके अचानक बिघडतात. पण याचा अर्थ रुग्णाने आयुष्यभर बटाट्याकडे पाहू नये असा नाही. बटाटा सोलून, बारीक चिरून, पाण्यात भिजवून, मग भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून दिले की त्यातील पोटॅशियम बरेच कमी होते. ‘खाऊ नका’ हे सांगायला एक क्षण लागतो. ‘असे करून, एवढेच खा’ हे शिकवायला अर्धा तास लागतो. पहिल्याने माणूस खचतो, दुसऱ्याने तो सावरतो.

आणखी एक गफलत घरोघरी आढळते. मूत्रपिंडविकार पुढच्या टप्प्यांत असला, पण डायलिसिस सुरू झालेले नसले, तर डॉक्टर प्रथिने बेताने खायला सांगतात. घरात डाळ कमी होते. पुढे डायलिसिस सुरू झाले की यंत्रातून प्रथिनांचा काही अंश वाहून जातो आणि आता डाळ, अंडी, पनीर वाढवा, असा सल्ला मिळतो. परंतु घराने जुना नियम पक्का धरलेला असतो. मायेपोटी रुग्णाच्या ताटात डाळीचे पाणी वाढले जाते आणि माणूस डोळ्यांदेखत वाळत जातो. तसेच पाण्याचे. मुतखडा झालेल्याला भरपूर पाणी प्यायला सांगतात, म्हणून मूत्रपिंडाच्या प्रत्येक विकारात पाणीच औषध, असे समजून सूज आलेल्या रुग्णालाही आग्रहाने पाणी पाजले जाते. येथे घातक ठरते ते अज्ञान. प्रेमाची तर कोठेच उणीव नसते.

श्रद्धेला डोळस जोड

या विषयाची एक बाजू नाजूक आहे, परंतु ती टाळून चालणार नाही. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार हे आपल्या घरांचे संस्कार आहेत. उपवासाचे पदार्थ मात्र पाहावेत: बटाटा, रताळे, केळे, शेंगदाणे, खजूर, शहाळ्याचे पाणी. मूत्रपिंडरुग्णाने जपून खावयाच्या पदार्थांची यादी करावी, तर ती जवळजवळ हीच होईल. रुग्णाला भेटायला जाताना शहाळे न्यावे, ही आपली रीत. या रुग्णापुढे ते शहाळे ठेवणे म्हणजे नकळत त्याच्या जिवाशी खेळणे होय. रुग्ण आणि बालक यांना उपवासाच्या कठोर नियमांतून मोकळीक देण्याची समज आपल्या परंपरेत पूर्वीपासून आहे. तिचा आधार घेऊन घरातील वडीलधाऱ्यांनीच ‘तुझा उपवास नामस्मरणाचा’ असे सांगितले, तर डॉक्टरांच्या दहा सूचनांपेक्षा ते अधिक प्रभावी ठरेल.

जडीबुटीचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. आयुर्वेद हे आपल्या देशाचे वैभव आहे. त्याची शिस्त, त्याचा पथ्यविचार आदरास पात्र आहे. परंतु आयुर्वेदाच्या नावावर ‘डायलिसिस बंद करून दाखवतो’ अशी हमी देणारे, पुडीत काय आहे ते न सांगणारे जे बाजारात फिरतात, त्यांचा आयुर्वेदाशी संबंध नाही. शिसे, पारा यांसारख्या धातूंचा अंश असलेली अशुद्ध औषधे मूत्रपिंडाला अपाय करतात. तीच गोष्ट अंगदुखीसाठी दुकानातून सहज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांची. ज्यांना आयुर्वेदाचा अभिमान आहे, त्यांनीच या भोंदूगिरीविरुद्ध सर्वांत आधी बोलले पाहिजे. यंत्र सोडून पुडीवर विसंबलेल्या रुग्णाचे प्राण काही दिवसांतच संकटात सापडतात आणि त्याचे दूषण मात्र एका थोर शास्त्रावर येते.

पाटण्याचे यंत्र, मद्रासची गावे

मूत्रपिंड गमावलेल्या माणसाचे कर्तृत्व संपले असे मानणाऱ्यांनी एक उदाहरण आठवावे. आणीबाणीत कारावासात असताना जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे निकामी झाली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटकेनंतर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले आणि तेथे डायलिसिसने त्यांचे प्राण वाचले. पुढे त्यांच्यासाठी घरी वापरायचे यंत्र घ्यावे म्हणून निधी जमू लागला. इंदिरा गांधींनी पाठविलेले ९० हजार रुपये जयप्रकाशांनी परत केले. सामान्य माणसांच्या लहान लहान देणग्यांमधून यंत्र आले. त्या यंत्राच्या आधारावर जगत असलेल्या या वृद्धाने ६ फेब्रुवारी १९७७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावरील विराट सभेला संबोधित केले आणि देशाचे राजकारण पालटले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे मूत्रपिंडे गेल्यानंतर जवळजवळ चार वर्षे ते जगले आणि ती केवळ श्वास मोजण्याची वर्षे नव्हती. त्यांच्यापाशी घरचे यंत्र होते, निष्ठावंत सोबती होते आणि पाठीशी समाज होता. भिसेगावच्या रुग्णाला त्यातले किमान दोन आधार तरी देता येणार नाहीत काय?

जसलोकमध्ये जयप्रकाशांवर उपचार करणारे मूत्रपिंडतज्ज्ञ होते डॉ. एम. के. मणी. पुढे ते मद्रासला, आताच्या चेन्नईला गेले. प्रत्येक रुग्णाला यंत्र देणे या देशाला परवडणार नाही, तेव्हा माणूस यंत्रापर्यंत जाऊच नये यासाठी काम केले पाहिजे, असा विचार त्यांनी केला आणि किडनी हेल्प ट्रस्टच्या वतीने चेन्नईजवळच्या सुमारे २५ हजार लोकवस्तीच्या ग्रामीण भागात काम उभे केले. गावातल्याच शिकलेल्या मुली घरोघर जात, साध्या रसायनांनी लघवीतील साखर आणि प्रथिने तपासत, रक्तदाब मोजत. ज्यांच्यात दोष आढळे, त्यांना डॉक्टरांकडून स्वस्त, जुनी, परिचित औषधे मिळत आणि त्याच मुली ती नियमित घेतली जातात की नाही हे पाहत. या साऱ्याचा दरडोई वार्षिक खर्च होता २७ अमेरिकी सेंट, म्हणजे त्या वेळच्या दराने पंधरा रुपयांच्याही आत. जसलोकसारख्या रुग्णालयातून निघालेली वाट शेवटी गावातल्या उंबरठ्यावर येऊन थांबली, यातच या विषयाचे सार आहे.

परदेशातही विचार याच दिशेने चालला आहे. स्वीडनमधील योनशोपिंग येथील रिहोव रुग्णालयात २००५ मध्ये एका तंत्रज्ञ रुग्णाने ‘माझे डायलिसिस मीच का करू नये?’ असा प्रश्न परिचारिकेला विचारला. तिने त्याला शिकवले, त्याने दुसऱ्या रुग्णाला शिकवले आणि पुढे त्या रुग्णालयात स्वतःचे डायलिसिस स्वतः करणाऱ्यांसाठी वेगळा विभागच उभा राहिला. आपल्याकडे हैदराबादचे कमल शाह १९९७ पासून डायलिसिसवर आहेत. त्यांनी घरी डायलिसिस केले आणि पुढे इतर रुग्णांसाठी डायलिसिस केंद्रांचे जाळे उभारण्यात सहसंस्थापक म्हणून भाग घेतला. मार्च महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी जगभर पाळल्या जाणाऱ्या जागतिक मूत्रपिंड दिनाचा २०२१ मधील विषयच मुळी मूत्रपिंडविकारासह चांगले जगणे हा होता.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, रुग्णाने स्वतःची काळजी स्वतः घ्यावी, असे म्हणणे म्हणजे शासनाने आपली जबाबदारी त्याच्या खांद्यावर टाकणे नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. स्वावलंबनाचा उपदेश करून यंत्रांची संख्या, तज्ज्ञांची पदे, औषधांचा पुरवठा यांकडे डोळेझाक करणे हा ढोंगीपणा ठरेल. पण यंत्र पुरविल्याने शिकवण्याची जबाबदारी संपत नाही, हेही तितकेच खरे. पोहायला न शिकवता नदीपार नाव बांधून ठेवणे, याला सोय म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. एकदा का ‘तुझे आरोग्य तुझ्या हाती’ असे म्हटले की, प्रकृती बिघडताच ‘तूच पथ्य मोडलेस’ असा ठपका ठेवायला सारे मोकळे होतात. दिवसाच्या मजुरीवर जगणारा, वीटभट्टीवर वा शेतावर उन्हात राबणारा माणूस तहानेने व्याकूळ होऊन दोन पेले अधिक पाणी पितो, तेव्हा तो गुन्हा करीत नाही. ज्याला शिकविलेच नाही, त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. आणि ज्याला शिकविले, त्याचाही पाय कधी घसरणारच. रुग्णाला जबाबदार करायचे ते हिशेब कळावा म्हणून. शरमेने मान खाली घालावी म्हणून नव्हे. स्त्रियांच्या बाबतीत तर हे विशेष ध्यानी घेतले पाहिजे. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रिया अधिक आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक आहेत. पथ्याचा स्वयंपाक तीच करते, औषधांच्या वेळा तीच पाळते. परंतु तिचे स्वतःचे मूत्रपिंड बिघडले, तर तिच्यासाठी वेगळी भाजी कोण करतो? शिकवण घराला द्यायची ती या प्रश्नासह.

पावसाळ्याची परीक्षा

हा विषय भिसेगावच्या दृष्टीने किती निकडीचा आहे, हे पावसाळ्यात कळते. २६ जुलै २००५ च्या प्रलयाने मुंबईची आणि उपनगरांची वाहतूक ठप्प केली. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली आणि हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. कर्जतहून कल्याणकडे जाणाऱ्याला हाच मार्ग. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत लोकल सर्वांसाठी थांबल्या. ज्याचे डायलिसिस कल्याण, ठाणे वा मुंबईत आहे, त्याच्या दृष्टीने रूळ पाण्याखाली जाणे म्हणजे शरीरातील पाण्याची वाट बंद होणे होय.

अशा वेळी दोन-तीन दिवस निभावून नेण्याचे शास्त्र आहे. पाण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आणणे, मीठ जवळजवळ बंद करणे, पोटॅशियमचे पदार्थ पूर्ण टाळणे, प्रथिने तात्पुरती कमी करणे, पोटॅशियम उतरविणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच घरात ठेवणे आणि कोणते लक्षण दिसताच एक क्षणही न दवडता जवळचे रुग्णालय गाठायचे ते माहीत असणे. ज्याला हे शिकविले आहे, तो दोन दिवस तग धरतो. ज्याला शिकविलेले नाही, तो पावसात घरी बसून कढत चहा आणि भजी खातो. या दोघांतील अंतर हे केवळ माहितीचे अंतर आहे आणि ते जीवनमरणाचे ठरू शकते.

भिसेगावात काय करता येईल

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिली गोष्ट डायलिसिस केंद्रांनी करावी. रुग्ण चार तास खाटेवर पडून असतो. समोर दूरचित्रवाणी चालू असते. त्या चार तासांतील अर्धा तास शिकवण्यासाठी राखून ठेवावा. आज मीठ, उद्या फिस्टुला, परवा अहवाल कसा वाचावा. शिकविणारा जुना, अनुभवी रुग्ण असेल तर उत्तम; कारण त्याचे बोलणे उपदेश वाटत नाही. दुसरी गोष्ट शासनाने करावी. योजनेतून डायलिसिस घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मराठीतून एक वही मिळावी, तीत त्याचे डायलिसिसनंतरचे लक्ष्य वजन, पाण्याची मर्यादा, औषधांची नावे आणि संकटसमयीचा आहार डॉक्टरांनी लिहून द्यावा. पोटाच्या पडद्यातून घरच्या घरी करता येणाऱ्या डायलिसिसचा पर्याय राष्ट्रीय कार्यक्रमात २०१९ मध्येच समाविष्ट झाला आहे. लांबच्या गावातील योग्य रुग्णाला त्याची माहिती तरी दिली जावी. डायलिसिसच्या प्रवासासाठी रेल्वेभाड्यात सवलत आहे, हेही अनेकांना कोणी सांगितलेले नसते.

तिसरी गोष्ट समाजाची. गणेशोत्सव मंडळे, महिला बचतगट, ज्येष्ठ नागरिक संघ, तरुणांची मित्रमंडळे हे सारे आपल्या गावांत आहेच. एका गावात एक वजनकाटा, एक रक्तदाबयंत्र आणि महिन्यातून एक बैठक, एवढ्यावर प्रारंभ करता येईल. त्या बैठकीला रुग्णासोबत स्वयंपाक करणारी व्यक्ती यावी. कोणता पदार्थ कसा करावा, हे सांगण्यापेक्षा करून दाखवावे. मात्र प्रत्येकाचे पथ्य त्याच्या अहवालानुसार वेगळे असते, एकाचे दुसऱ्याने उचलू नये, हा नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहावा. ज्यांना मधुमेह वा रक्तदाब आहे, पण मूत्रपिंडे अजून शाबूत आहेत, त्यांना वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासण्याची आठवण द्यावी. कारण क्रिएटिनिन वाढलेले दिसते, तोवर मूत्रपिंडांची निम्म्याच्या आसपास शक्ती बहुधा गेलेली असते. आणि ज्या रुग्णाला सोबत नाही, त्याच्याबरोबर आठवड्यातून एक दिवस लोकलमध्ये बसेल असा एक तरुण शोधावा. सेवा याहून निराळी असते असे नाही.

जयप्रकाशांच्या यंत्रासाठी या देशातील सामान्य माणसांनी आपल्या खिशातले पैसे दिले होते. आज यंत्राचा पैसा शासन देते आहे. समाजाकडे आता मागणे आहे ते महिन्यातील दोन घटकांचे, थोड्या शिकवण्याचे आणि थोड्या सोबतीचे. पहाटेच्या लोकलने यंत्राकडे निघालेला माणूस रात्री भिसेगावला उतरतो, तेव्हा त्याचे बारा तास संपलेले असतात. त्याचे उरलेले तास तेथून सुरू होतात आणि त्या तासांत तो एकटा असता कामा नये.